रांगणारे भाऊजी

ताईच्या नवऱ्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रांगत होते. अर्थात तेव्हा ते ताईचे नवरे नव्हते, कुणाचेच नव्हते. मी पोहायला शिकवते. तलावावर विसरलेला टॉवेल द्यायला एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते, ताई सोबत होती. दार सताड उघडं. आत सोफ्याच्या बरोबर मधोमध एक काळं खोकं पाहुण्यासारखं बसवलेलं, आणि त्यातून एक जाड, संथ आवाज घुमत बाहेर येतोय. भिंतीच्या कडेकडेने एक धडधाकट माणूस, इस्त्रीचा शर्ट घातलेला, तळहात आणि गुडघे टेकून पुढे सरकतोय. डोळे मिटलेले.

"काय हरवलंय?" मी विचारलं.

"जागा," ते डोळे न उघडता म्हणाले.

मी टॉवेल दाराच्या कडीला अडकवून सटकले. ताई तिथेच थांबली. ती अजून थांबलेली आहे.

नंतर कळलं की ही त्यांच्या कामाची रीत. घरात गाणी ऐकायला लोक दोन स्पीकर लावतात, आणि खर्जातल्या, अगदी खालच्या सुरांसाठी तिसरं खोकं ठेवतात, त्याला वूफर म्हणतात. ते दोन स्पीकर बरेचसे शहाण्या मुलांसारखे असतात, बसवाल तिथे बसतात. खर्ज मात्र महाहट्टी. तो भिंतीवर आपटतो, परत येतो, वाटेत स्वतःलाच भेटतो. एका ठिकाणी दुप्पट होतो आणि हातभर पलीकडे पार नाहीसा होतो. मला हे लगेच पटलं, कारण मी रोज बघते: पोरं तलावात धपाधप उड्या मारतात, लाटा भिंतींना लागून परततात, आणि मध्येच एखाद्या जागी पाणी असं गप्प उभं असतं की उडी कुणी मारलीच नाही.

तर वूफर कुठे ठेवायचा हे शोधायला भाऊजी उलटी चाल खेळतात. ऐकणारा ज्या खुर्चीत बसणार, तिथे वूफर बसवतात. मग वूफर जिथे जिथे ठेवता येईल त्या सगळ्या जागा स्वतः रांगत, कानाने चाचपत जातात. जिथे खर्ज भरून आणि सरळ ऐकू येईल तिथे खडूची खूण. मग अदलाबदल, खोकं खुणेवर आणि माणूस खुर्चीत.

"एवढ्या उंच माणसाला लोकांच्या घरात रांगायची लाज नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"कान खोक्याच्या उंचीवर न्यावा लागतो," ते म्हणाले. "लाज वरच राहते."

सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे त्यांची एक लांबट खोली आहे. पुढे हवा भरायच्या पंपाचे सुस्कारे, मागे लाकडाचा भुसा, सोल्डरिंगचा धूर आणि भिंतीवर टांगलेले स्पीकरचे कागदी कोन. दुपारी झरोक्यातून ऊन आलं की भुशाचे कण त्यात तरंगतात आणि भाऊजी हातातलं काम सोडून ते बघत बसतात. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी यांना पत्ता नाही. ताई याला "स्वारी निघाली" म्हणते. जेवतानाही स्वारी निघते. घास हातात, नजर भिंतीपलीकडे, कारण रस्त्यावरून एखादा ट्रक जातोय आणि त्याचा आवाज आमच्या कपाटात कुठे भरतो ते यांना ऐकायचंय. अशा वेळी मी चिडते, ताई ओठांवर बोट ठेवते. खरं सांगायचं तर त्या गप्प मिनिटभरात मलाही ते घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं, सगळं हळू, सगळं जवळ. पण मी हे त्यांना कधी सांगणार नाही, आधीच एक स्वारी पुरे आहे.

गिऱ्हाइकांना हवा असतो दणका. "भिंती हलल्या पाहिजेत," असं एकाने सांगितलं, तर भाऊजी म्हणाले, "मग गवंड्याला बोलवा." त्यांचं म्हणणं एवढंच, की वूफर ऐकू आला तर काम फसलं. खर्ज गाण्यातून आला पाहिजे, खोक्यातून नव्हे. दोन स्पीकर जिथे सूर सोडतात तिथे तिसऱ्याने तो असा झेलायचा की सांधा लागू नये. मग गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, हे चालू तरी आहे का?" भाऊजी वाटच बघत असतात. ते वाकून वूफरचं बटण बंद करतात. गाणं तेच, गाणारी बाई तीच, पण खोलीतून कुणीतरी उठून गेल्यासारखं होतं. गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. भाऊजी बटण पुन्हा चालू करतात आणि पिशवी उचलतात. प्रत्येक घरी शेवट असाच. बटण बंद केल्याशिवाय ते पायात चप्पल घालत नाहीत.

आता बाबांकडे यायला हवं. माझे बाबा आयुष्यभर डबल बेस वाजवत आले. व्हायोलिनच्या घराण्यातलं, पण माणसाहून उंच, गाण्याचा खर्ज धरणारं वाद्य, उभं राहून मिठीत घेऊन वाजवायचं. बाबा ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत मागच्या रांगेत उभे असत. गाणी गाजली, गाणारे गाजले. बाबांचं नाव कुठेच नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही. ते म्हणत, "पायाचा दगड कुणी बघायला येतो का?" घरी ते वाद्य दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभं असे, राखाडी कापडाच्या झुलीत. आई त्याला सवत म्हणायची. "आज सवतीला पुसलंत, मला विचारलंत का जेवलीस म्हणून?"

रोज दुपारी बाबा त्या कोपऱ्यात उभे राहून रियाज करत आणि आई समोरच्या बाजूला आपल्या खुर्चीत बसे. त्या खुर्चीने आम्हा दोघींची पायाची बोटं कितीदा ठेचली असतील. ती ना भिंतीला, ना खिडकीला, भलत्याच ठिकाणी, येण्याजाण्याच्या वाटेत. आईने एके काळी ती खुर्ची घरभर फिरवली होती, आज इथे, उद्या तिथे, आणि शेवटी त्या आडजागी ठेवून जाहीर केलं होतं, "आता हिला कुणी हात लावायचा नाही." बाबांनी सूर लावला की आई डोळे मिटायची आणि थोड्या वेळाने तिची मान कलायची. बाबांना हे फार लागायचं. "जगाला ऐकवतो, आणि घरात मी वाजवतो तेव्हा ही झोपते," ते म्हणायचे. आई म्हणायची, "झोपत नाही मी." बाबा म्हणायचे, "मग घोरत असशील." हा वाद त्यांच्या संसाराइतकाच जुना होता आणि तो मिटायच्या आत आई गेली.

भाऊजींशी बाबा कधी वाईट वागले नाहीत. त्याहून अवघड म्हणजे ते फार चांगले वागले. कायम "या जावईबापू, बसा जावईबापू, तुम्ही घ्या," आणि पाठ वळली की ताईला म्हणायचे, "सूर माणसाच्या बोटांतून निघतो गं, खोक्यांतून नाही." भाऊजींना हे ठाऊक होतं. सासऱ्यांपुढे ते खुर्चीच्या टोकावर बसत, उठायच्या तयारीत. त्यांच्यासमोर स्वारी कधी निघाली नाही.

आई गेल्यावर बाबा तिच्या खुर्चीत बसायला लागले आणि वाजवायचे थांबले. सवत झुलीत उभी. ताईने नवऱ्यापाशी हट्ट धरला, बाबांना त्यांच्याच जुन्या गाण्यांची सोबत करून दे. भाऊजींनी जीव ओतून काम केलं. शिसवी रंगाचे दोन स्पीकर, तसाच वूफर, कडा अशा गोल की लहान मूल आपटलं तरी लागू नये. दोन स्पीकर समोर, त्यांच्या शेजारी वूफर. बाबांनी ऐकलं. "छान आहे, जावईबापू," म्हणाले.

आणि मग हळूहळू बाबा मावळायला लागले. गाणी लागत, बाबा खुर्चीत बसून ऐकत आणि चेहरा कोरडा. एकदा मला म्हणाले, "माझे कान गेले. गाणारी ऐकू येते, सतार ऐकू येते. मीच ऐकू येत नाही." डॉक्टरांकडे जायला तयार नाहीत. "या वयात असंच व्हायचं. पण देवाने नेमका माझाच सूर न्यावा का?" भाऊजींनी येऊन वूफरचा आवाज वाढवला. शेजारच्या काकू भिंत ठोकायला लागल्या, बाबा मात्र खुर्चीत तसेच. "काही नाही हो," ते म्हणाले. भाऊजी खाली मान घालून परत गेले. त्यांनाही वाटलं, कान गेले.

मग एके दिवशी बाबांनी सांगितलं की सवत संगीतशाळेला देऊन टाकली. शनिवारी गाडी येणार. "ऐकू न येणाऱ्याच्या घरी तिने का राहायचं? तिथे पोरं वाजवतील तरी." हे ते इतकं साधेपणाने म्हणाले की मला ओरडताही आलं नाही. ज्या माणसाने तो एकच सूर आयुष्यभर धरला, तो आता आपणहून सोडून देत होता, आणि सवत गेली की बाबांना खुर्चीतून उठायला काही कारणच उरणार नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. बाबा आंघोळीला गेलेले, गाणं चालूच. मी दमून त्यांच्या खुर्चीत टेकले. गाणारी बाई, सतार, आणि खाली काहीच नाही. नुसती पोकळी. सकाळपासून तलावावर ओरडून माझे कान बधिर झाले असतील असं वाटून मी उठले आणि समोर दोन हातांच्या अंतरावरच्या स्टुलावर बसले. आणि तिथे खर्ज! मऊ, भरलेला, पायापासून वर येणारा. मी पुन्हा खुर्चीत बसले. पोकळी. पुन्हा स्टुलावर. आमच्या तलावातलं ते गप्प पाणी मला डोळ्यांपुढे दिसलं.

मी भाऊजींना फोन लावला. "हे सगळं लावलंत तेव्हा तुम्ही कुठे बसून ऐकलंत?"

"स्टुलावर."

"आणि खुर्चीत?"

पलीकडे हातातलं हत्यार खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "त्यांच्या खुर्चीत कसा बसणार? तीही आईंची खुर्ची."

"आणि रांगलात?"

"सासऱ्यांसमोर?"

माझा आवाज तलावावर घासून घासून मोठा झालेला आहे, तो मी त्या दिवशी पूर्ण वापरला. म्हटलं, "साऱ्या गावाच्या सोफ्यांभोवती रांगता आणि स्वतःच्या घरात मानपान आडवा येतो? तुमच्या त्या मानापायी बाबा बहिरे ठरले. या, आत्ताच्या आत्ता या, आणि रांगा!"

ते आले. सोबत ताई. पडदे ओढलेले, दुपारचं ऊन फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी जमिनीवर पडलेलं. बाबा आंघोळ करून स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसले होते. भाऊजी त्यांच्यासमोर उभे राहिले. घसा खाकरला. शेवटी ताईच म्हणाली, "बाबा, जरा उठता का? यांना खुर्ची हवीय."

बाबा उठले. भाऊजींनी आधी खुर्चीवर दुहेरी टॉवेल घातला, डाग पडू नये म्हणून, मग वूफर उचलून त्यावर ठेवला, झोपलेलं मूल ठेवतात तसा.

"आता हिच्या जागीही खोकं बसणार का?" बाबा दाराला टेकून म्हणाले.

 भाऊजींनी घड्याळ काढून ठेवलं, बाह्या दुमडल्या आणि सासऱ्यांसमोर गुडघे टेकले. ताईने बाबांच्या गाण्यांतलं सगळ्यात संथ गाणं लावलं. त्यात खर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत राहतो, न थांबता, उतारावरून कुणी सावकाश उतरत जावं तसा. भाऊजी रांगायला लागले. खिडकीखालून, टेबलाच्या पायांमधून, चपलांच्या कपाटापाशी. थांबत, मान कलती करत, पुढे सरकत. उन्हाचे पट्टे त्यांच्या पाठीवरून एकेक करून सरकत गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा जावई हळूहळू उतरला. स्वारी निघाली होती, पहिल्यांदाच या घरात. मलाही ग्लानी आल्यासारखं झालं. खोली खोल वाटायला लागली, भिंती दूर गेल्या, आणि त्या तळातून एक माणूस पाण्याखाली चालावं तसा कोपऱ्याकडे निघाला होता.

कोपऱ्यात सवत उभी होती. भाऊजी तिच्या पायाशी पोचले आणि थांबले. हलेचनात. त्यांनी हात वर करून ताईला खूण केली, तिने आवाज थोडा वाढवला. आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. झुलीच्या आतून सवत गुणगुणत होती. कुणी हात न लावता तिच्या तारा त्या गाण्याबरोबर थरथरत होत्या, मिटल्या ओठांनी गावं तशा.

बाबा दारातून निघाले आणि सरळ तिच्यापाशी गेले. झुलीवर तळहात ठेवला. "हिला कुणी छेडलं?"

"कुणी नाही," भाऊजी खालूनच म्हणाले. "खुर्चीतून निघालेला सूर इथे सगळ्यात भरून येतोय. म्हणजे इथून निघालेलाही तिथे तसाच पोचणार. जायचा-यायचा रस्ता एकच असतो." मग जरा थांबून म्हणाले, "साऱ्या खोलीत वूफरला हीच एक जागा आहे. आता सवतीला हलवावं लागेल."

"तिला नाही हलवायचं," बाबा म्हणाले. "खोकं तिच्या पायाशी बसवा." आणि मग स्वतःशीच, "मीही सगळ्या घरात उभा राहून पाहिलं होतं. दुसरीकडे सूर कोरडा लागायचा. इथेच भरायचा. म्हणून इथे."

वूफर सवतीच्या पायाशी गेला, बाबा खुर्चीत. गाणं पहिल्यापासून लागलं. मी बाबांचा चेहरा बघत होते. आधी भुवया वर गेल्या. मग हात वर आला.

"आला," ते म्हणाले. "पण ओरडतोय. मी असा नाही वाजवायचो."

भाऊजींनी गुडघ्यांवर बसून एक बटण किंचित फिरवलं.

"अजून. हां. आता कोपऱ्यातून येतोय. तिथून नको. त्या बाईच्या गाण्याखालून यायला हवा."

भाऊजींनी दुसरं बटण मागे घेतलं, मग पाठीमागची एक छोटी खटकी वर केली. दोघंही डोळे मिटून होते. एक खुर्चीत, एक जमिनीवर, आणि मध्ये त्या संथ उतारावरून कुणीतरी उतरत होतं.

"आता सतारीच्या पाठीमागे... अजून केसभर..."

"आता?"

"आता खोकं गेलं," बाबा म्हणाले.

खरंच गेलं होतं. कोपऱ्यात फक्त सवत होती, आणि गाणं सगळीकडे. बाबांचा खर्ज जमिनीतून, खुर्चीच्या हातांतून, माझ्या बरगड्यांतून वर येत होता. बाबांच्या मांडीवर त्यांच्या डाव्या हाताची बोटं हलायला लागली. त्यांची मान हळूहळू मागे गेली आणि एका बाजूला कलली, अगदी आईची कलायची तशी.

काम झालं होतं. भाऊजींचा हात सवयीने वूफरच्या बटणाकडे गेला, बंद करून दाखवायला.

"राहू दे रे," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "नको बंद करू."

भाऊजींनी हात मागे घेतला आणि तिथेच जमिनीवर, सवतीला पाठ टेकून बसले, खुर्चीच्या टोकावर बसणारा माणूस पाय पसरून. ताईने पदराने डोळे टिपले. गाणं संपलं, कुणी दुसरं लावलं नाही. बाबांची मान कललेलीच होती. मला वाटलं, त्यांना झोप लागली.

"बाबा," मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "शाळेला फोन करू ना, गाडी नको म्हणून?"

"कर," ते म्हणाले. डोळे तसेच मिटलेले, पण कडेने ओघळत होते. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या लाकडावरून, आईच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या जागेवरून फिरत होते.

"ही झोपत नव्हती गं," ते म्हणाले.